नजरेच्या कडेची मोहरी

मानेसरच्या पुढे, कारखान्यांच्या बसगाड्या जिथे आत वळतात, तिथून डाव्या हाताला गेलं की अर्ध्या तासात शेतं लागतात. तिथली मोहरी यंदा जरा लवकर फुलली आहे. काल सकाळी आम्ही जाऊन पाहून आलो. ईरा, निशाद, तुमच्याकडे मेलबर्नला आता कडक ऊन असेल. इथे नऊ वाजेपर्यंत धुकं असतं. ते हळूहळू वर उचललं जातं तेव्हा आधी जमिनीलगतचा पिवळा रंग दिसतो, मग किकराची, म्हणजे आपल्या बाभळीची, काटेरी काळी झाडं, आणि सगळ्यात शेवटी, फार लांब, गुडगावच्या इमारती.

मराठी घरात मोहरी म्हणजे फोडणी. माझ्या आईच्या मिसळणाच्या डब्यातल्या एका वाटीत ती काळी, बारीक, तडतडायची वाट पाहत बसलेली असायची. तिचं शेत असतं, त्यात माणूस उभा राहिला तर खांद्यापर्यंत बुडतो, त्या शेताला मधासारखा आणि शेवटी किंचित तिखट वास येतो, हे मला कळायला दिल्लीत पस्तीस वर्षं काढावी लागली. कळलं तेही दारं नसलेल्या एका गाडीत बसल्यामुळे.

त्या गाडीबद्दल, आणि तुम्ही दोघं आला होतात त्या हिवाळ्याबद्दल, मला लिहायचं आहे. गेल्या आठवड्यात ईरा फोनवर मला म्हणाली, "आजी, त्या वर्षी आजोबा माझ्यावर का चिडले होते?"

मी म्हटलं, चिडले नव्हते.

"मग माझ्याकडे बघत का नव्हते? अजूनही बघत नाहीत. व्हिडिओ कॉलवर पण भिंतीकडेच बघतात." मग ती म्हणाली, "जाऊ दे. निशादला देते फोन."

ईरा, तुझं ते "जाऊ दे" मला आवडलं नाही. ते बारा वर्षांच्या मुलीचं नव्हतं, मोठ्या माणसांचं होतं. तसं म्हटल्यावर माणसं पुन्हा विचारत नाहीत, आणि आपण आपल्या मनात जे धरलंय तेच खरं मानून चालतात.

मी तीन वर्षं आजोबांना दिलेला शब्द पाळला. आता त्यांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "सांग. पण मग हवेचंही सांग." म्हणून दोन्ही सांगते. त्यांनी लपवलेलं एक, आणि माझी चूक एक. बाबा तुम्हाला हे वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, घाई करू नकोस.

आजोबांनी आयुष्यभर मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवले. सुटे भागच, पूर्ण गाडी कधीच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये ही बग्गी बनवून घेतली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, जुन्या छोट्या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला, पुढे दोन सीटा, मागे दोन, आणि शरीराला चारी बाजूंनी आवळणारे पट्टे. दारं नाहीत, काचा नाहीत, छताच्या जागी नुसत्या नळ्या. पुण्याच्या वन्संना फोनवर सांगितलं, "यांनी बग्गी घेतली." त्या म्हणाल्या, "घोडा कुठे बांधणार गं फ्लॅटमध्ये?"

घोड्याचा प्रश्न नव्हता, पण बांधायचा प्रश्न होताच. ही गाडी सरकारी रस्त्यावर आणता येत नाही. धरमबीर नावाचे एक शेतकरी आहेत, पूर्वी आजोबांच्या हाताखाली कारखान्यात होते. त्यांच्या शेतावरच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या शेजारी तिला जागा मिळाली. ते आजोबांना ताऊ म्हणतात आणि मला ताई. तिकडे ताऊ म्हणजे थोरला काका आणि ताई म्हणजे थोरली काकू. मी त्यांना दुरुस्त करायला गेले नाही.

शेडपासून एक कच्ची वाट निघते. आधी मोहरीच्या दोन शेतांमधून, मग दगडांच्या चढावरून, मग पावसाळ्यानंतर कोरड्या पडणाऱ्या एका नाल्याच्या वाळूतून, आणि वळसा घालून परत. वनखात्याच्या हद्दीत आम्ही कधी शिरलो नाही. धरमबीरांच्या आणि त्यांच्या भावकीच्या जमिनीतच सगळी फेरी. सात किलोमीटर. मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझी पर्स मांडीवर होती. पहिल्या चढाला ती उडून कुठे गेली ते धरमबीरांच्या सुनेला दुसऱ्या दिवशी गवत कापताना कळलं.

सरकारी कचेरीत तीस वर्षं मी फायली सांभाळल्या. माझ्या टेबलावर कागद तिरका पडलेला चालत नसे. अशा बाईला दगडांवरून आपटत जाणं का आवडावं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. उत्तर असं की गाडीत आजोबा वेगळे असत. घरात ते वर्तमानपत्रामागे असत. तिथे, स्टिअरिंगवर हलके हात ठेवून, ते गुणगुणत. वाट कुठे खचली आहे, कुठे चाक उजवीकडे ओढेल, हे त्यांच्या अंगालाच आधी कळे. चढाच्या माथ्यावर ते इंजिन बंद करत. मग गार होणाऱ्या लोखंडाची टिकटिक, लांबून एखादा मोर, आणि त्याहून लांब कारखान्याचा भोंगा. "शिफ्ट सुटली," ते म्हणत, आणि ज्याला आता कुठे जायचं नाही अशा माणसासारखे हसत.

त्या वर्षी दिवाळीनंतर ते एक गोष्ट सारखी म्हणायला लागले. "मिस्त्रीने बाथरूमच्या टाइल्स वाकड्या लावल्यात."

टाइल्स सहा वर्षांपूर्वी लावलेल्या. मी म्हटलं, सरळ आहेत. ते म्हणाले, मधल्या रेघा बघ, पाण्यात काठी दिसते तशा दिसतायत. मी काय करावं? मी फूटपट्टी आणली. तीन ठिकाणी लावून पाहिली आणि जाहीर केलं की रेघा सरळ आहेत. त्यांनी वाद घातला नाही. "असतील," म्हणाले.

मी फूटपट्टी ड्रॉवरमध्ये जागेवर ठेवली. टाइल्स मोजल्या. ज्यांना त्या वाकड्या दिसत होत्या त्यांना मात्र एक प्रश्नही विचारला नाही.

तुमची तिकिटं आली होती. ईरा नऊ वर्षांची, निशाद पाच वर्षांचा. आजोबांनी फोनवर ईराला कबूल केलं होतं, "तुला पिवळ्या समुद्रातून नेतो. मी चालवणार, तू माझ्या मागे बसायचं." तू रोज विचारत होतीस, समुद्र सुकला तर नाही ना?

तुम्ही यायच्या आठ दिवस आधी आम्ही शेडवर गेलो. पोरांच्या आधी एकदा वाट बघून घेऊ, असं ते म्हणाले. पोचल्यावर ते एकेका चाकापाशी बसले, मग धरमबीरांच्या अंगणात चहाला गेले. मी गाडीभोवती एक फेरी मारली. चारही टायर बसलेले. हवेचा दाब मोजायचा काटा लावून पाहिला. बारा.

आता हवेचं सांगते. माझ्या स्वतःच्या गाडीच्या टायरची हवा मी दर महिन्याच्या एक तारखेला तपासते. कमी असलेली हवा मला तिरक्या कागदासारखी दिसते. डिकीत बॅटरीवर चालणारा छोटा पंप होता. मी चारही टायर तीसपर्यंत भरले. पंप पुसून पिशवीत ठेवला. हात धुतले. आजोबा चहा पिऊन आले तेव्हा त्यांना सांगायची गरजच मला वाटली नाही. कुणी चहाला गेलं असताना त्याचं टेबल आवरून ठेवावं, तसं मला वाटलं होतं.

वाळूत जाताना हवा मुद्दाम कमी करायची असते. टायर मऊ होतो, पसरतो, उंटाच्या पायासारखा वाळूवर टेकतो. घट्ट टायर वाळू कापत खाली जातो. हे मला माहीत नव्हतं. वर्षभर मी शेजारच्या सीटवर बसत होते आणि ते खाली बसून काय करतात, हे कधी विचारलं नव्हतं.

"आज फार आपटतेय," चढावर आजोबा म्हणाले. मग नाला आला. वाळूत वीसेक फूट गेलो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आजोबांनी लगेच इंजिन बंद केलं. मागचा सांगाडा वाळूला टेकला होता.

ते उतरले. मागच्या चाकापाशी गुडघे टेकले, बोटांनी चाचपून वॉल्व्हचं टोपण काढलं आणि हवेचा काटा लावला. तो पांढऱ्या तबकडीचा काटा होता, त्यावर ठळक आकडे. त्यांनी तो तोंडासमोर धरला. मग जरा उजवीकडे नेला. मग डावीकडे. मग म्हणाले, "बारा. हवा बरोबर आहे. वाळूच खोल आहे आज."

मी त्यांच्या मागे उभी होते. मला तबकडी दिसत होती. काटा तीसवर होता.

त्या क्षणी मला टाइल्स आठवल्या. आदल्या आठवड्यात त्यांनी चहात दोनदा साखर घातली होती ते आठवलं. संध्याकाळी गाडी चालवायला "तूच घे, मला कंटाळा आलाय" म्हणायला लागले होते, ते आठवलं. मी काही बोलले नसते तर कदाचित तो दिवस तसाच गेला असता. पण मग माझी चूक लपली असती, आणि तिच्याखाली त्यांचं सगळं लपलं असतं.

मी म्हटलं, "अहो, तीस आहे. सकाळी मीच भरली."

ते वळले नाहीत. काटा हातात धरूनच म्हणाले, "चारही?"

"चारही."

"शाब्बास, शरयू," ते म्हणाले. मग वाळूत नीट मांडी घालून बसले, चष्मा काढला आणि तो शर्टाला पुसला. चष्मा मुळात स्वच्छच होता.

मी शेजारी बसले. त्यांनी सांगितलं. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. मधोमध एक मळका डाग. घड्याळात बघितलं तर घड्याळाची कड दिसते, काटे नाहीत. एक डोळा दिवाळीच्या आधीपासून तसा, दुसरा आता त्याच्या मागे निघालेला. डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले होते. "इंजेक्शनं देतात डोळ्यात. थांबतं म्हणाले. गेलेलं परत येत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तू फूटपट्टी आणलीस," ते म्हणाले.

फोन केल्यावर धरमबीर ट्रॅक्टर घेऊन आले. वाकून टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि माझ्याकडे बघून, सुनेला समजवावं तसं म्हणाले, "ताई, हवा काढ दे पहले. यो रेत सै, सड़क कोनी." ही वाळू आहे, सडक नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हवा काढली, गाडी निघाली. परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. पहिल्या गियरमध्ये, सगळी वाट.

शेडमध्ये आल्यावर आजोबा म्हणाले, "एकच फेरी. ईराला कबूल केलंय. मग चावी तुझ्याकडे देतो."

"नाही."

"मला ही वाट पाठ आहे."

"वाट पाठ आहे. वाटेत येणारी म्हैस पाठ नाही."

"कडेचं सगळं दिसतं मला, शरयू. फक्त मधलं..."

"पोरं मधे आली तर?"

मी लग्नानंतर त्यांना इतकं सरळ "नाही" क्वचितच म्हटलं असेन. ते "नाही" योग्य होतं, आजही मी तेच म्हणेन. पण योग्य गोष्ट बोलून झाल्यावर बरं वाटतंच असं नाही, हेही तुम्हाला सांगून ठेवते.

मग त्यांनी मला शिकवलं. सहा सकाळी आम्ही गेलो. मी वही घेऊन बसले आणि क्रमाने लिहून घेतलं. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. वाळूत ब्रेक नाही. वाळूत थांबायचं नाही, घाईही करायची नाही. चढावर मधे मन बदलायचं नाही.

"हे वहीत येत नाही," ते म्हणायचे.

"माझ्या वहीत येतं," मी म्हणायचे. खरं तर पाचव्या दिवशी एका दगडाशी मी वहीतलं सगळं विसरले आणि गाडी आपोआप नीट गेली. शेजारून ते म्हणाले, "हां. आता आलं." त्या सहा दिवसांत ते एकदाही गुणगुणले नाहीत.

आणि त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. तुमच्या बाबाला सांगायचं नाही, तुम्ही परत जाईपर्यंत. मुलांना तर कधीच नाही. मी म्हटलं, का? ते म्हणाले, "पोरांनी फोनवर 'आजोबा, मी दिसतेय का' असं विचारू नये. नुसतं 'आजोबा' म्हणावं." बाबाला महिन्याभराने कळलं. त्यानेही तुम्हाला न सांगण्याची अट पाळली.

मग तुम्ही आलात. ईरा, त्या सकाळी तू पिवळी टोपी घातली होतीस. गाडीजवळ येऊन म्हणालीस, "आजोबा, तुम्ही चालवा ना. तुम्ही म्हणाला होता."

"आजी चालवेल," ते म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. तू दचकलीस. ते माझ्या शेजारी बसले, तुम्ही दोघं मागे. ते सीटवर अर्धे वळून बसले होते, तोंड पार शेताकडे. निशाद प्रत्येक खड्ड्याला हसत होता. मोहरी दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती, पाकळ्या उडून आमच्या केसांत बसत होत्या. तू मात्र मागून सारखी हाक मारत होतीस, "आजोबा, इकडे बघा ना. आजोबा, माझ्याकडे." ते "हो हो" म्हणत आणि तोंड शेताकडेच.

शेडमध्ये परतल्यावर तू त्यांना चित्र दिलंस. विमानात काढलेलं, पिवळ्या समुद्रात बग्गी, स्टिअरिंगवर मिशीवाले आजोबा. त्यांनी ते हातात धरलं, मान फिरवली, ट्रॅक्टरकडे बघितलं आणि म्हणाले, "छान."

"तुम्ही बघितलंच नाही," तू म्हणालीस. मग घरच्या गाडीत जाऊन बसलीस आणि दिल्लीपर्यंत बोलली नाहीस. मी मागचं दृश्य दाखवणाऱ्या आरशात तुझा चेहरा बघत होते. शब्द दिला नसता तर तिथेच गाडी बाजूला घेतली असती.

आता तीन हिवाळे झाले. इंजेक्शनांनी दुसऱ्या डोळ्याचं बिघडणं थोडं थांबलं, पहिल्याचं मधलं गेलं ते गेलं. बग्गी विकलेली नाही. रविवारी सकाळी आम्ही जातो, मी चालवते. गाडीतलं काम आम्ही वाटून घेतलं आहे. समोरचं मी बघते, कडेचं ते. कडेचं त्यांना माझ्याहून आधी दिसतं. काल ते म्हणाले, "डावीकडे नीलगाय," आणि मला ती दिसली तेव्हा ती मोहरीतून निम्मी बाहेर आली होती.

हवाही तेच काढतात. वॉल्व्ह दाबून हवेचा फुसकारा ऐकतात, दुसरा तळवा टायरवर ठेवतात आणि म्हणतात, "बस." मी काटा लावते. कधी बारा, कधी साडेबारा. मी आकडा मोठ्याने वाचते. साडेबारा असले तर ते म्हणतात, "लिहून ठेव वहीत," आणि तेवढ्या एका गोष्टीवर दर रविवारी खूश होतात.

मधे एकदा मी त्यांना विचारलं, मोहरी दिसते का? ते म्हणाले, "मोहरी तर तुझ्यापेक्षा चांगली दिसते. ती कडेलाच असते."

आणि आता, ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ज्याच्याकडे ते सरळ बघतात ते डागाखाली जातं. म्हणून एखादी गोष्ट खरंच बघायची असली की त्यांना तिच्यापासून नजर वळवावी लागते. त्या दिवशी शेताकडे तोंड करून ते शेत बघत नव्हते. मागच्या सीटवरची तुझी टोपी, तुझा चेहरा, तुझ्या केसांतल्या पाकळ्या, हे सगळं त्यांना तसंच दिसत होतं, आणि अख्खी फेरीभर, मान अवघडेपर्यंत, ते तसेच बघत राहिले. चित्रही त्यांनी ट्रॅक्टरकडे बघतच बघितलं. ते कपाटाच्या दाराला आतून लावलं आहे. त्यातली मिशी डावीकडे जरा लांब आहे, हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

रविवारी आम्ही फोन करू. आमच्या दिवाणखान्यात फोनच्या उजव्या बाजूला भिंतीवर कॅलेंडर आहे. आजोबा त्याच्याकडे बघायला लागले की काही विचारू नकोस, मधेच गप्प होऊ नकोस. नीट उजेडात बस आणि बोलत राहा. ते तुझ्याकडे बघत असतील.